बारकीची पहिली स्पोर्ट बाईक

२०२५ च्या ऑगस्टमधे बारकीचा फोन आला, "दादा मला स्पोर्ट बाईक घ्यायचीय, आणि पप्पांशी तू बोलायचंस." बारकी म्हणजे माझी मामेबहीण, वय २३, कराडजवळच्या गावची, डिप्लोमा करून चाकण एमआयडीसीत क्वालिटीला लागलेली, मोशीत तिघी मिळून फ्लॅट घेऊन राहतात. उंची पाच फूट तीन इंच, वजन बावन्न किलो (हे लिहायला तिची रीतसर परवानगी घेतलीय). कंपनीची बस आहे, म्हणजे गाडीवाचून काही अडत नव्हतं. मी विचारलं कशाला पाहिजे, तर म्हणाली मला पाहिजे म्हणून. हे उत्तर मला आवडलं, कारण बाकी सगळे अ‍ॅव्हरेज, रिसेल, ऑफिसला जायला असल्या सबबी सांगतात आणि मनात पोस्टर असतं.

पुढचे दोन महिने आम्ही जे काय केलं ते सविस्तर लिहितोय, कारण पहिली स्पोर्ट बाईक कोणती घेऊ असं विचारणाऱ्याला सगळे थेट गाडीचं नावच सांगतात. मीपण तेच करत होतो. आणि खरं सांगायचं तर या प्रकरणात मी सांगितलेली गाडी बारकीने घेतलीच नाही, आणि आता मला वाटतं बरोबर केलं.

तिची यादी तयारच होती. पहिला नंबर केटीएमची आरसी ३९०, दुसरा नंबर यामाहाची आर१५, तिसरा "तू सांगशील ती".

हातात काय होतं

स्कूटी अकरावीपासून, आणि लायसन विथ गिअरचं, कारण मामाच्या स्प्लेंडरवर ती शेताच्या रस्त्यानं शिकली. आपल्याकडे तेवढं पुरतं. युरोपात नवशिक्याला आधी १२५ सीसी, मग ३५ किलोवॉट ताकदीपर्यंतची गाडी, असं टप्प्याटप्प्यानं लायसन मिळतं. आपल्याकडे अठरा पूर्ण झाले, आरटीओच्या ट्रॅकवर स्प्लेंडर फिरवून दाखवली, की त्याच कार्डावर उद्या तेराशे सीसीच्या वरची हायाबुसा घेतली तरी कोणी विचारत नाही. म्हणजे तो टप्प्याचा विचार आपला आपणच करायचा, सरकार करणार नाही.

मी एका रविवारी तिला माझ्या साध्या १५० वर बसवून मोशीच्या मागच्या, अजून रहदारी नसलेल्या रस्त्यावर चाळीसच्या स्पीडने आणून एका खांबापाशी थांबायला सांगितलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा ती खांबाच्या बरीच पुढे गेली. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर तिची बोटंच नव्हती! विचारलं तर म्हणाली पप्पांनी सांगितलंय पुढचा ब्रेक हाताळायचा नाही. मामाला फोन लावला. "आरं मग, पुढचा ब्रेक दाबला की माणूस पल्टी खातंय, म्या सांगितलंय तिला, नुसता पाय वापर."

आता मामाचंही चूक नाही. शेताच्या रस्त्यावर, खडीवर, गुळगुळीत टायरच्या ड्रम ब्रेकवाल्या गाडीने त्याला तेच शिकवलं. पण ब्रेक लागला की गाडीचं बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं, म्हणून डांबरावर थांबण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेकच करतो, आणि स्पोर्ट बाईक तर बनवलेलीच असते तशी. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे डिस्क एकदम दाबली तरी चाक लॉक होऊन घसरत नाही, पण लिव्हरच दाबली नाही तर एबीएस काय करणार. हळूहळू दाब वाढवत दोन बोटांनी ब्रेक मारायचा, झटका द्यायचा नाही, एवढ्या एका गोष्टीवर आम्ही तीन रविवार घालवले. तिसऱ्या रविवारी ती खांबाच्या अलीकडे थांबली.

सांगायचा मुद्दा, स्किल म्हणजे किती वेगात चालवता येते ते नाही. सरळ रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर कोणालाही पिळता येतो. १०० च्या स्पीडला एका सेकंदात गाडी २८ मीटर जाते, आणि समोर काय चाललंय हे डोक्यात शिरायलाच नवीन माणसाला तेवढा वेळ जातो. स्पीड दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर चौपट होतं. म्हणून मी तिचं स्किल दोनच जागी बघितलं, थांबताना आणि वळताना. थांबण्याचं वर लिहिलंय. वळण्याची गोष्ट जरा मोठी आहे.

ग्रहणाचा रविवार

गणपती विसर्जनानंतरचा रविवार, ७ सप्टेंबर. त्या रात्री चंद्रग्रहण होतं म्हणून मामीचा सकाळीच फोन, आज नवीन गाडीला हात लावू नका. आम्ही म्हणलं नवीन नाहीये, मित्राची जुनी आहे. माझ्या एका मित्राकडे चारशे सीसीच्या आसपासची स्पोर्ट बाईक आहे, मॉडेलचं नाव राहू दे. तो म्हणाला घेऊन जा, मैदानावर फिरवू दे तिला. बारकीच्या यादीतला एक नंबर या वर्गातलाच होता, म्हणून मला तिला त्याची चव द्यायची होती, बोलून कळत नाही.

सरळ मजेत चालवली. खाली उतरली तेव्हा हेल्मेटमधून नुसते दात दिसत होते, म्हणाली दादा हीच. मी म्हणलं बरं, आता त्या दोन झाडांच्या मधे यू टर्न मार.

इथे स्पोर्ट बाईकचं खरं रूप कळतं. हँडल खाली आणि आखूड, क्लिप-ऑन (शॉकअपच्या दोन दांड्यांना वेगवेगळं लावलेलं), आणि फेअरिंगमुळे (बाहेरचं प्लास्टिकचं कवच) ते दोन्ही बाजूंना थोडंच वळतं, म्हणून जिथे स्प्लेंडर एका दमात फिरते तिथे ही अर्ध्यातच अडते. पहिला गिअर लांब. मोठं सिंगल सिलिंडर इंजिन कमी आरपीएमला (म्हणजे इंजिनचे फेरे कमी असताना) धक्के देतं, म्हणून क्लच अर्धा धरून, मागच्या ब्रेकवर पाय ठेवून ओढायला लागतं. बारकी अर्धी वळली, गाडीने धक्का दिला, ती घाबरली आणि हँडल पूर्ण वळलेलं असताना तिने पुढचा ब्रेक दाबला. (हो, मीच तीन रविवार शिकवलेला पुढचा ब्रेक. सरळ असताना मारायचा, वळताना हळू स्पीडला नाही, हे मी तिला सांगितलंच नव्हतं, चूक माझी.) पुढचा शॉकअप दबला आणि गाडी आतल्या बाजूला बसली. स्पीड असेल पाच. पाय टेकवला होता तिने, पण एवढं वजन एकदा तोलाच्या पलीकडे गेलं की बावन्न किलोच्या माणसाला ते धरता येत नाही, मला पण येत नाही.

तिला काही लागलं नाही. गाडीचा क्लच लिव्हर, डावा इंडिकेटर, आरसा आणि डाव्या पॅनलवर वीतभर ओरखडा, पॅनल आतल्या कानापाशी (जिथे ते अडकवतात) तडकलेलं. मित्र राहू दे म्हणाला पण राहू कसं देणार, पॅनल आणि बाकीचं मिळून साडेआठ हजार झाले. उभी असल्यासारखी पडली आणि साडेआठ हजार! स्प्लेंडर अशी पडली तर मामा लाथ मारून हँडल सरळ करतो आणि जातो.

आणि उचलताना? दोघांनी मिळून उचलली, तीपण धापा टाकत.

परत येताना ती गप्प होती. मोशीला पोचल्यावर म्हणाली, दादा समजा हे चाकणच्या तळेगाव चौकात झालं असतं तर. मी काही बोललो नाही. तो चौक ज्याने शिफ्ट सुटायच्या वेळेला बघितलाय त्याला सांगायला नको, दोन्हीकडून कंटेनर, मधून रिक्षा आणि मागून सगळ्यांचे हॉर्न.

पैशाचं

बजेट सगळं मिळून २ लाख ४०. त्यातले सव्वा लाख साठवलेले, बाकीचं लोन. तिने हिशेब शोरूमच्या किमतीवर केला होता, सगळे करतात. मी वहीत उलटा हिशेब लिहायला लावला, म्हणजे आधी अंगावरचं, मग विमा आणि टॅक्स, मग पडायचे पैसे, आणि जे उरेल त्यात गाडी.

अंगावरचं म्हणजे चांगलं फुल फेस हेल्मेट, आर्मरवालं जॅकेट, ग्लोव्ह्ज, घोटा झाकणारे बूट आणि गुडघ्याचे गार्ड. चोवीस हजार. यावर तिने हुज्जत घातली की जॅकेट नंतर घेऊ, पहिल्या बोनसला. मी म्हणलं पडायचं असेल तर पहिल्या दोन महिन्यांतच पडशील, जॅकेट तिसऱ्या महिन्यात घेऊन उपयोग काय.

विमा. नवीन टू व्हीलरला थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) पाच वर्षांचा एकदम भरायला लागतो आणि त्याचे दर सीसीवर ठरलेले आहेत, सगळ्या कंपन्यांना सारखेच. आम्ही घेतली तेव्हा ७५ ते १५० सीसीला पाच वर्षांचे ३,८५१, १५० ते ३५० ला ७,३६५ आणि ३५० च्या वर गेलं की एकदम १५,११७, वर जीएसटी. गंमत बघा, आर१५ नावात पंधरा असली तरी २०१८ पासून इंजिन १५५ सीसीचं आहे, त्यामुळे ती पाच सीसीसाठी वरच्या खान्यात जाते. ३७३ सीसीवाली आरसी ३९० तर सगळ्यात महागात.

आणि यावर जीएसटीचं नाटक. १५ ऑगस्टला घोषणा झाली की दर कमी होणार, मग ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलने जाहीर केलं आणि २२ सप्टेंबरला, म्हणजे बरोबर घटस्थापनेला, लागू झालं. ३५० सीसीपर्यंत २८ वरून १८ टक्के, आणि ३५० च्या वर ४० टक्के, जिथे आधी सेस (वरचा जादा कर) धरून ३१ होता. मामा तर १५ ऑगस्टपासूनच म्हणत होता थांबा, घाई कशाला. या वेळी त्याचं बरोबर निघालं. १२८ ची वस्तू ११८ ला म्हणजे पावणेआठ टक्के खाली, १ लाख ८५ हजारांच्या गाडीवर साडेचौदा हजारांच्या आसपास. आमचं हेल्मेट आणि जॅकेट तिथेच निघालं. उलट ३५० ची रेघ ओलांडली की टॅक्सही जास्त, थर्ड पार्टीपण दुप्पट. म्हणून पहिल्या गाडीला मी तरी ती रेघ ओलांडू नका म्हणेन, हौस असेल तर दुसरी घेताना बघा.

आता पडायचे पैसे. हा शब्द आमचा आम्हीच काढला. स्पोर्ट बाईक म्हणजे बाहेरून सगळं प्लास्टिक, आणि साध्या पॅकेज पॉलिसीत प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या पार्टला सरळ ५० टक्के घसारा कापतात, गाडी कालच घेतलेली असली तरी. म्हणजे दहा हजारांचं पॅनल बदललं तर पाच तुमच्या खिशातून. म्हणून फेअरिंगवाल्या गाडीला झिरो डेप (हा घसारा न कापणारा विमा) घ्यायचंच, शोरूमवाला हजार-दीड हजार वाचवून देतो म्हणाला तरी घ्यायचं. त्यातही बारीकसारीक गोष्टीला क्लेम करायचा नाही, कारण क्लेम नसेल तर पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर २० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. तर लिव्हर, आरसे, इंडिकेटर असल्या गोष्टींसाठी दहा हजार बाजूला, हात लावायचा नाही.

चोवीस आणि दहा गेले, उरले दोन लाख सहा हजार, ऑन रोड, म्हणजे विमा आणि टॅक्स धरून.

मधे तिने सेकंडहँडचाही पिच्छा पुरवला, तीन वर्षांची, मोठ्या सीसीची, पावणेदोन लाखात. बघायला गेलो. चकाचक पॉलिश, टायर काळे केलेले, मीटरवर अकरा हजार किमी. मी खाली वाकून हँडलच्या मुळाशी जिथे ते वळून टेकतं तो स्टॉपर बघितला, एका बाजूने चेपलेला. जोरात पडल्याशिवाय किंवा ठोकल्याशिवाय तो चेपत नाही. मग बघत गेलो तर पॅनलच्या आतले प्लास्टिकचे कान दोन तुटून चिकटवलेले, फूटपेगचं टोक घासलेलं, हँडल हळू फिरवलं तर मधोमध अडकल्यासारखं, म्हणजे कोनसेट (हँडलच्या मुळातलं बेअरिंग) गेलेला. विकणारा म्हणाला गाडी कधी पडलीच नाही साहेब, डॉक्टर वापरायचे. (प्रत्येक जुनी गाडी डॉक्टर किंवा बँक मॅनेजरच का वापरतात हा वेगळा विषय आहे.) सेकंडहँड वाईट नसते, माझ्या दोन्ही तशाच होत्या, पण ज्याला स्टॉपर बघता येत नाही त्याने पहिली स्पोर्ट बाईक जुनी घेताना ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावा, आणि दोन-तीनशे रुपयांचा चहा पाजावा त्याला.

यादी लहान होत गेली

दोन लाख सहा हजारात ऑन रोड बसवायचं म्हणल्यावर आरसी ३९०, टीव्हीएसची आरआर ३१० आणि कावासाकीची निन्जा ३०० आपोआप गेल्या. निन्जाचं मला वाईट वाटलं, कारण ती उंचीला फार बरी, सीट ७८० मिमी, ट्विन सिलिंडर म्हणून कमी आरपीएमलाही गुळगुळीत, १७ लिटरची टाकी. पण १७९ किलो आणि किंमत तीन लाखाच्या पलीकडे. आरआर ३१० पण शहाणी गाडी आहे, तिची सीट ८१० आणि वजन १७४, पुढेमागे बारकी कदाचित तिच्यावर जाईल. आरसी २०० मधे २५ पीएस (इंजिनची ताकद) आहे आणि चालवायला टोकदार, पण सीट ८२० च्या वर, बारकीचे पाय नुसते बोटांवर.

राहिल्या पल्सर आरएस २००, करिझ्मा एक्सएमआर, जिक्सर एसएफ २५० आणि आर१५. पहिल्या दोन्ही पैशाला पुरेपूर आहेत, २५ च्या आतबाहेर पीएस, सीट ८१०, पण बारकीने बघितल्या आणि म्हणाली नाही आवडल्या. गाडी आवडणं हे कारण मी मान्य करतो. न आवडलेली गाडी माणूस धूत नाही, चेनला ऑइल मारत नाही, आणि सहा महिन्यांत विकतो.

जिक्सर एसएफ २५० माझी निवड होती. २४९ सीसी ऑइल कूल्ड, २६.५ पीएस, टॉर्क (ओढायचा जोर) २२.२ एनएम, सीट ८०० मिमी, हँडल थोडं वर म्हणून मनगटावर भार कमी. पुणे ते कराड १६० किमी हायवेला आरामात, सहाव्या गिअरमधे ट्रक ओलांडायला खाली यायला लागत नाही. आर१५ म्हणजे १८.४ पीएस, तेही १०,००० आरपीएमला, टॉर्क १४.२. ७,४०० च्या वर गेलं की व्हीव्हीए लागतं, म्हणजे इनटेकच्या व्हॉल्वचा कॅम बदलतो आणि गाडी जरा पळते, त्याच्या खाली ती बरीचशी शांत. बसायला वाकून, सीट ८१५. जिक्सर ऑन रोड बजेटच्या वीसेक हजार वर जात होती, तेवढे मी माझ्याकडून घालतो म्हणालो. कागदावर माझंच बरोबर होतं.

बारकी म्हणाली ठीक, दोन्ही उचलून बघते.

मला आधी कळलंच नाही. टेस्ट राइड झाल्यावर ओळखीच्या दोघांकडे या दोन्ही गाड्या होत्या, त्यांना तिने पटवलं, जुन्या गाद्या अंथरल्या आणि सोसायटीच्या पार्किंगमधे गाड्या चक्क आडव्या केल्या. वॉचमन बघत बसला. उचलायची रीत मी तिला दाखवली होती, गाडीकडे पाठ करायची, उजव्या बाजूला पडली असेल तर आधी साइड स्टँड काढायचा, गिअर टाकायचा म्हणजे चाक फिरत नाही, एका हाताने हँडलचं खालचं टोक आणि दुसऱ्या हाताने मागची ग्रॅब रेल धरून, पाठ ताठ ठेवून, पायाने मागे रेटत उभं राहायचं. कमरेने ओढायची नाही.

जिक्सर १६१ किलो. पहिल्या वेळी अर्ध्यावर आली आणि परत गादीवर गेली, दुसऱ्या वेळी आली पण तिचा चेहरा लाल. आर१५ १४२ किलो. पहिल्याच झटक्यात उभी. परत आडवी केली, परत उभी. तिसऱ्यांदा करणार होती पण गाडीच्या मालकाने हात जोडले.

एकोणीस किलोचा फरक मी स्पेक शीटवर वाचला होता आणि सोडून दिला होता, कारण मी ऐंशी किलोचा माणूस. मग तिने तीच आर१५ पार्किंगच्या उतारावर सीटवर बसून पायाने मागे ढकलली, दोन गाड्यांच्या मधे यू टर्न मारला, पाय न टेकवता. सीट ८१५ असली तरी पुढे अरुंद आहे म्हणून पाय सरळ खाली जातात, ८०० च्या रुंद सीटपेक्षा जास्त टेकतात, हेपण आकड्यावरून कळत नाही. आणि म्हणाली, "दादा, रात्री दहाला सेकंड शिफ्ट सुटल्यावर मी एकटी असते. पडली तर मला कोणाला हाक मारायची नाहीये."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. हायवेला जिक्सर बरी हे अजूनही खरं आहे. पण कराडला ती महिन्यातून एकदा जाणार आणि मोशी-चाकण रोज. शिवाय पीएसला किलोने भागलं तर आर१५ टनाला १३० पीएस आणि आरसी ३९० टनाला २५० च्या आसपास, म्हणजे चुकून अ‍ॅक्सिलरेटर जास्त पिळला गेला तर एक गाडी चूक माफ करते, दुसरी करत नाही. आर१५ चा क्लच हलका, असिस्ट आणि स्लिपरवाला (घाईत गिअर उतरवला तरी मागचं चाक अडत नाही), दोन्ही चाकांना एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल (पिळल्यावर मागचं चाक घसरू देत नाही). आणि ऑन रोड २ लाख ३ हजार. दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, गाडी आली. मामी कराडहून लिंबू घेऊन आली होती, आणि मागची सीट बघून म्हणाली ह्याच्यावर मी मेले तरी बसायची नाही. साडी गार्ड मात्र आहे, नियमच आहे मागच्या चाकाचा अर्धा भाग झाकायचा, पण पोरं पहिल्याच दिवशी काढून फेकतात. बारकीने ठेवलाय, ओढणीसाठी.

चार महिने

आत्तापर्यंत साधारण ३,९०० किमी. पहिले हजार किमी रनिंगचे, आरपीएम फार वर न्यायचं नाही, ते तिने इतकं मनावर घेतलं की व्हीव्हीएची खूण मीटरवर पहिल्यांदा दिसली तेव्हा नोव्हेंबर उजाडला होता. अ‍ॅव्हरेज चाळीसच्या वर देते.

पडली का? पडली. नोव्हेंबरमधे पेट्रोल पंपावर साइड स्टँड पूर्ण बाहेर आलाच नाही आणि ती उतरली. क्लच लिव्हर वाकला, डाव्या पॅनलला ओरखडा. पंपावरची दोन पोरं धावत यायच्या आत तिने पाठ लावून गाडी उभी केली, हे तिने मला किमान सहा वेळा सांगितलंय. लिव्हर पडायच्या पैशातून, ओरखडा तसाच, क्लेम नाही. वहीत पडायच्या पैशांत अजून नऊ हजारांवर शिल्लक आहे.

कराडला तीनदा गेली. जाताना खंबाटकीचा घाट चढायचा होता आणि येताना बोगद्यातून, आणि बोगदा संपल्यावर ते एस वळण, तिथे किती अपघात झालेत ते सातारा-पुणे करणाऱ्याला माहितीय. पहिल्या दोन फेऱ्या मी बरोबर होतो, माझ्या मागे चालायचं, वळणात खड्ड्याकडे बघायचं नाही तर वळण जिथे संपतं तिथे बघायचं, कारण आपण जिकडे बघतो तिकडेच गाडी जाते. दुसऱ्या फेरीला शिरवळच्या आधी मी आरशात बघितलं तर ती दिसेना. थांबलो. पाच मिनिटांनी आली, म्हणाली मागून ट्रक जवळ आला होता म्हणून डावीकडे घेऊन त्याला जाऊ दिलं. मी काही शिकवलं नव्हतं ते.

एक गोष्ट मी सांगितली होती तशीच झाली, मनगटं. पहिले दीड महिना कराडहून आली की दोन दिवस हात धरून बसायची. वाकून बसायच्या गाडीवर नवा माणूस सगळा भार हातावर टाकतो. गुडघ्यांनी टाकी घट्ट आवळायची, पोट आत, कोपर ढिले, हात फक्त हँडलवर ठेवल्यासारखे, मग भार मांड्यांवर येतो. निम्मा त्रास त्याने गेला. निम्मा आहे अजून, आणि त्यासाठी तिला आता हँडल वर उचलणारे राइझर लावायचेत. माझं म्हणणं हँडल वर गेलं की केबल आणि ब्रेकचा पाइप पूर्ण वळवल्यावर ताणतो, हँडल फेअरिंगला लागतं, थांब अजून दोन महिने, सवय होईल. तिचं म्हणणं जिक्सर घे म्हणणारा माणूस राइझरबद्दल काय सांगणार. ते भांडण चालू आहे.